स्पीड ब्रेकरवर स्टीअरिंग ओढतं, गॅरेजवाला म्हणतो रस्ताच खराब

प्रश्न : इंदूरला रामबागेत राहतो. माझी हॅचबॅक ६ वर्षांची, ५८ हजार किलोमीटर चाललेली. गेल्या महिन्यात एका गॅरेजात डाव्या बाजूचा टायरॉड एंड बदलून व्हील अलाइनमेंट करून घेतलं. सगळे मिळून २,६५० रुपये यूपीआयनं दिले, त्यात अलाइनमेंटचे ६५०. बिल नाही, नुसती चिठ्ठी. तेव्हापासून सपाट रस्त्यावर गाडी सरळ जाते, पण स्पीड ब्रेकर किंवा खड्डा आला की आपोआप डावीकडे ओढते. सरळ जातानाही स्टीअरिंग थोडं तिरकं असतं. गॅरेजवाला म्हणतो, रस्ता खराब, गाडी जुनी. दुसरा मिस्त्री दोन्ही लोअर आर्म बदला म्हणतो, खर्च ९ हजार. हे पैसे पहिल्याकडून वसूल होतील का?

उत्तर : तुमच्या त्रासाची दोन-तीन निरनिराळी कारणं असू शकतात आणि त्यांतली सगळी गॅरेजच्या माथी मारता येत नाहीत. म्हणून आधी एक गोष्ट करू नका : लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) बदलू नका. ते बदलले की पुन्हा अलाइनमेंट होणार, टायरॉड (स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारे दांडे) पुन्हा फिरवले जाणार, आणि पहिल्यानं काय करून ठेवलं होतं याचा पुरावा तिथेच पुसला जाणार.

आता गाडीकडे बघू, कारण दावा तिथूनच उभा राहतो. चाक खालीवर होतं तेव्हा टायरॉड आणि लोअर आर्म दोन्ही आपापल्या कमानीत फिरतात. कमानी जुळल्या तर चाकाचं तोंड सरळ राहतं. न जुळल्या तर चाक उचललं जाताच तोंड आत किंवा बाहेर वळतं. याला बंप स्टीअर म्हणतात. अलाइनमेंट मशीनवर गाडी उभी असते, म्हणून आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत, दिसतात आणि खड्ड्यात गाडी तरीही ओढते. ‘प्रिंटमध्ये सगळं बरोबर आहे’ असा बचाव गॅरेजवाल्यानं केला, तरी तो म्हणूनच पुरेसा नाही.

तुमच्या बाबतीत संशय तीन ठिकाणी जातो. पहिला, एकाच बाजूचा टायरॉड फिरवून टो (पुढच्या चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते माप) जुळवला असेल, तर रॅक (स्टीअरिंगनं डावी-उजवीकडे सरकणारी दातेरी पट्टी) मध्यावर राहत नाही आणि दोन्ही टायरॉडची लांबी वेगळी होते. तिरकं स्टीअरिंग हीच खूण सांगतं. दोन्ही टायरॉडच्या चेकनटबाहेर (लांबी पक्की करणाऱ्या नटाबाहेर) किती आटे दिसतात ते मोजा. चार-पाच आट्यांचा फरक असेल तर तो फोटोत यायला हवा. दुसरा, नवा टायरॉड एंड दुसऱ्या मॉडेलचा असेल आणि त्याच्या बोल्टची उंची वेगळी असेल, तर बाहेरचं टोक वर किंवा खाली जातं आणि कमान बिघडते. पार्टवरचा नंबर आणि जुना काढलेला पार्ट दोन्ही मागून घ्या. तिसरा, लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) फाटलेले असणं. हे ६ वर्षांच्या गाडीत नवल नाही, आणि बुश झिजवले गॅरेजनं नाहीत.

टायरमधली हवाही बघा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, गाडी थंड असताना. अलाइनमेंटनंतर जास्त हवा भरून दिलेल्या गाड्याही ब्रेकरवर उड्या मारतात, आणि एवढ्यासाठी ग्राहक आयोगात जाणं हास्यास्पद होईल.

तपासणी अशी मागा : चाक जॅकवर उचलून घड्याळातल्या ३ आणि ९ वर धरून हलवणं (खेळ असेल तर टायरॉड किंवा रॅक एंडचा संशय), मग १२ आणि ६ वर (बॉल जॉइंट किंवा बेअरिंग). बुशला टॉमी (लोखंडी पहार) लावून फट बघणं. आणि शेवटी मशीनवरच टोचे दोन आकडे : एक गाडी आपल्या उंचीवर असताना, दुसरा पुढून बॉडी ५० मिलिमीटर वर उचलून. दोन्ही बाजूंच्या बदलात मोठा फरक दिसला तर तेच तुमचं हत्यार. चेकनट ढिला निघाला तर गाडी चालवत घरी आणू नका, टोइंगच्या गाडीनं आणा. दोष माहीत असताना धोकादायक गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली गुन्हा आहे, शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी गाडी सुस्थितीत ठेवण्याच्या अटीवर बोट ठेवेल.

तपासणी कोणाकडून? जो ९ हजारांचं काम मागतोय त्याच्याकडून नको, त्याचं हित त्यात आहे. परवानाधारक मोटार सर्व्हेअर किंवा मेकॅनिकल इंजिनिअर बघा. तारीख, किलोमीटर, फोटो, सही-शिक्का असलेला अहवाल घ्या आणि त्याचं प्रतिज्ञापत्रही. वस्तूतल्या दोषासाठी आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण तुमचा मुख्य वाद सेवेचा आहे, तो कागदपत्रं आणि प्रतिज्ञापत्रांवरच चालतो. मोबाइलमधले फोटो, व्हिडिओ जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लावा.

बिल नाही याची फार चिंता नको. पैसे दिल्याची यूपीआयची नोंद आहे, आणि बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष काम म्हणजे ‘सेवेतली त्रुटी’, कलम २(११).

अहवाल टायरॉडकडे बोट दाखवत असेल तर हिंदीत एक पानाची नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा : तारीख, रक्कम, लक्षण, अहवालातलं वाक्य, १५ दिवसांत मोफत दुरुस्ती किंवा परतावा. कायद्यात नोटिशीची सक्ती नाही, पण अशी प्रकरणं बऱ्याचदा इथेच मिटतात. नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग इंदूर जिल्हा आयोग. तुम्ही इंदूरला राहता, तेवढ्यावर अधिकारक्षेत्र मिळतं. ऑनलाइन दाखल करता येतं, वकील लागत नाही. शुल्क दिलेल्या मोबदल्यावर ठरतं आणि ५ लाखांपर्यंत ते शून्य आहे. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं, पण गाडी रोज चालतेय, दोन महिनेही थांबू नका. निकालासाठी कायदा साधारण ३ महिने सांगतो; प्रत्यक्षात जास्त लागतात.

मागणी मोजून करा : २,६५० रुपये, तपासणीचा खर्च, दुरुस्तीचं बिल, त्रासाबद्दल माफक रक्कम. लाखभर मागितले तर शुल्क वाढत नाही, फक्त तुमच्यावरचा विश्वास कमी होतो.

आणि अहवालानं बुशच फाटलेले सांगितले, तर ९ हजार मिळणार नाहीत. तुमच्या झिजलेल्या बुशच्या जागी नवे बुश गॅरेजनं द्यावेत असं कोणी म्हणणार नाही. तेव्हा एवढंच म्हणता येतं की फाटलेल्या बुशवर अलाइनमेंट टिकत नाही, हे न तपासता ६५० रुपये घ्यायला नको होते. ते ६५० तोंडी मागा, आणि बुश बदलल्यावरचं अलाइनमेंट दुसरीकडे करा, दोन्ही टायरॉड सारखे फिरवून.