विचारा सिस्टरला : ‘स्टडी’ला जाऊ का?

प्रश्न : सिस्टर, मी २४ वर्षांचा आहे. मूळचा परभणीकडचा, पुण्यात एमपीएससीची तयारी करतो. मेसचे पैसे थकलेत. माझा रूममेट मागच्या महिन्यात अहमदाबादला औषधाच्या स्टडीला जाऊन आला. गोळी घेतली, तीन-चार दिवस राहिला, पैसे थेट खात्यात आले. आता तो हैदराबादला दुसऱ्या केंद्रात चाललाय आणि मलाही चल म्हणतो. “आधीची स्टडी कुणाला सांगायची नाही, बाकी काही नाही,” असं म्हणाला. मी घरी बोललेलो नाही. जाऊ का? आणि अशा स्टडी स्वतः शोधायच्या तर कुठे?

उत्तर : तू माझ्या धाकट्यापेक्षाही लहान, म्हणून एकेरीच लिहिते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या अशाच एका केंद्रात मी निवृत्त होईपर्यंत नर्स होते. बॅगेत चालू घडामोडींचं पुस्तक घेऊन आलेली पुष्कळ मुलं बघितली. त्यामुळे ‘अरे बापरे, उंदीर करतात’ असलं काही मी तुला सांगणार नाही. काम कायदेशीर आहे आणि गरजेचंही आहे. तुझ्या आजीची रक्तदाबाची जेनेरिक गोळी मूळ कंपनीच्या गोळीइतकीच रक्तात उतरते का, हे कुणाच्या तरी शिरेतून रक्त काढूनच कळतं.

तुझा मित्र गेला ती बहुधा हीच, बायोइक्विव्हॅलन्सची स्टडी. आधी स्क्रीनिंग होतं : ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्त-लघवी, एचआयव्ही, कावीळ. मग आदल्या संध्याकाळी चेक-इन, दहा तास उपाशी, सकाळी हातात कॅन्युला (रक्त काढायला शिरेत ठेवलेली बारीक नळी) आणि २४० मिली पाण्याबरोबर गोळी. त्यानंतर दिवसभर ठरल्या वेळी रक्त, सुरुवातीला तर पंधरा-वीस मिनिटांनी. चहा, कॉफी, तंबाखू बंद. चहा नाही म्हणून रुसलेले बाप्ये मी जितके पाहिले, तितके सुईला घाबरलेले नाही पाहिले. काही दिवसांच्या वॉशआउटनंतर, म्हणजे पहिली गोळी अंगातून पूर्ण उतरेपर्यंत थांबून, पुन्हा हेच सगळं, फक्त गोळी दुसरी. पैसे मिळतात ते या वेळेचे आणि त्रासाचे.

पण “आधीची स्टडी सांगायची नाही” हे तुझं वाक्य वाचलं आणि मी तिथेच थांबले. दोन स्टडींमध्ये साधारण ९० दिवस जाऊ देतात, ते उगीच नाही. रक्तदानात एका वेळी ३५० किंवा ४५० मिली रक्त घेतात आणि पुरुषाला पुढच्या वेळेसाठी ९० दिवस थांबवतात. एका स्टडीतही सगळे नमुने मिळून बरंच रक्त जातं, फक्त थोडं थोडं जातं म्हणून जाणवत नाही. दुसरं म्हणजे काही औषधं यकृताचं काम मंदावतात. त्यांचा असर उतरायच्या आत नवी गोळी पोटात गेली तर ती रक्तात अपेक्षेपेक्षा जास्त साठू शकते. मग रात्री दोनला तुला चक्कर आली, तर ड्युटीवरचा डॉक्टर एकाच गोळीचा विचार करत बसेल, कारण दुसरी तू सांगितलेलीच नाहीस. आणि तुझ्या रक्ताच्या आकड्यांवरून उद्या कुणाच्या फिटच्या गोळीला मान्यता मिळणार असते, हेही विसरू नकोस. बऱ्याच केंद्रांत आता बोटांचे ठसे जुळवून बघतात. तुझा मित्र तिथे अडकला तर बरंच होईल.

शोधायचं कुठे? एजंटकडे नाही. एजंटला माणसामागे कमिशन असतं, त्यामुळे तुझं हिमोग्लोबिन किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेतर्फे २००७ पासून क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री–इंडिया ही औषध-चाचण्यांची नोंदवही चालते. लोक तिला सीटीआरआय म्हणतात. तिची वेबसाइट सगळ्यांना खुली आहे. इंग्रजीत ‘हेल्दी ह्यूमन व्हॉलंटिअर्स’ टाकून शोध. प्रत्येक नोंदीत केंद्राचा पत्ता, कुणाला घेणार, कुणाला नाही, एथिक्स कमिटीची (व्हॉलंटिअरचं हित बघणाऱ्या समितीची) मंजुरी आणि भरती चालू आहे की संपली, एवढं मिळतं. पैशांचा आकडा तिथे शोधत बसू नकोस, तो केंद्रातच विचारावा लागतो. अशा केंद्रालाही केंद्र सरकारच्या औषध नियंत्रकांकडे नोंदणी करावी लागते. ती दाखवा म्हटल्यावर कुणी कपाळाला आठ्या घातल्या तर चप्पल घाल आणि निघ.

एक प्रश्न मात्र तोंड उघडून विचारायचाच : हे औषध माणसाला पहिल्यांदाच देताय का? जुन्या औषधाची जेनेरिक गोळी आणि प्राण्यांनंतर प्रथमच माणसात जाणारं नवं औषध, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात टीजीएन१४१२ हे औषध सहा निरोगी तरुणांना एकापाठोपाठ एक दिलं आणि काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. वाचले सगळे, पण एकाच्या पायांची बोटं आणि हाताच्या काही बोटांची टोकं गेली. जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्सच्या रेन शहरात अशाच चाचणीत एक जण दगावला. आपल्याकडेही आयसीएमआरच्या पहिल्या टप्प्याच्या, म्हणजे अशाच नव्या औषधांच्या, चाचण्यांसाठी परळचं केईएम आणि खारघरचं टाटा स्मारकाचं कर्करोग केंद्र अ‍ॅक्ट्रेक निवडलेलं आहे. तिथे कुणी जाऊच नये असं मी म्हणत नाही, पण मेसचे पैसे फेडायला म्हणून जाऊ नये.

आता संमतीपत्र. सह्या करायला लावतील त्या घाईत करू नकोस. मराठी प्रत माग, सही झालेली एक प्रत तुझ्या हातात आली पाहिजे. तुझं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव-पत्ता त्यात लिहावा लागतो. म्हणजे ‘घरी बोललेलो नाही’ हे तिथे फार वेळ टिकत नाही. ज्याचं नाव लिहिशील त्याला निदान फोन तरी कर. औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत मिळतात. इजा औषधामुळेच झाली किंवा जीवच गेला तर भरपाई वेगळी. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र ८ लाखांच्या पायावर उभं आहे आणि निरोगी माणसासाठी त्यात चारचा गुणक आहे. गंभीर प्रकार घडला तर डॉक्टरला २४ तासांत वर कळवावं लागतं. हे नियम आपोआप आले नाहीत. स्वास्थ्य अधिकार मंच ही स्वयंसेवी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली, त्यानंतर २०१३ मध्ये भरपाईचे नियम झाले.

मधून कधीही उठून येता येतं, कारण न देता. फक्त किती दिवस झाल्यावर किती पैसे मिळणार, हे आधी कागदावर बघ, कारण बऱ्याच ठिकाणी मोठा हप्ता शेवटच्या नमुन्यानंतर असतो. मी पाहिलंय, अंगात कणकण असूनही मुलं सांगत नाहीत. सांगितलं तर बाहेर काढतील आणि खोलीचं भाडं बुडेल, ही भीती. तू आत्ता नेमका त्याच अवस्थेत आहेस. म्हणून माझं उत्तर : या खेपेला नको, आणि त्या रूममेटबरोबर तर मुळीच नको. मेसवाल्या काकूंना एक महिना मागून घे. चार पैसे हातात असताना जावंसं वाटलं तर जा, आणि खरं सांगून जा.

प्रश्न : सासूबाईंना (वय ६१) संधिवात आहे. मिरजेला दाखवतो तिथले डॉक्टर म्हणाले, नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये घेऊ. शेजारीण म्हणते, ट्रायलचे चांगले पैसे मिळतात. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही. त्यांच्याऐवजी मी सही केली तर चालेल ना?

उत्तर : नाही चालणार, वहिनी. सासूबाई शुद्धीत आहेत, त्यांना कळतंय, तेव्हा निर्णय त्यांचा आणि अंगठाही त्यांचाच. वाचता येत नसेल तर सगळं समजावून सांगत असताना चाचणीशी संबंध नसलेला एक साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसलेला हवा. औषधाचा रेणूच नवा असेल, तर अशा वेळी सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरणही करतात. कॅमेरा बघून सासूबाई घाबरतील, त्यांना आधी सांगून ठेवा. तो त्यांच्याच बाजूचा पुरावा आहे.

पैशांचं म्हणाल, तर शेजारीणबाई दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताहेत. निरोगी माणसाला मोबदला देतात. रुग्णाच्या चाचणीत बहुधा औषध, तपासण्या आणि येण्या-जाण्याचा खर्च मिळतो, बुडालेली मजुरीही मागता येते. घर चालेल एवढं काही येत नाही. तुम्ही डॉक्टरांना हे विचारा : सध्याच्या गोळ्या चालू राहणार का? नवं औषध सगळ्यांना देणार, की काहींना नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी? गुण आला तर ट्रायल संपल्यावर ते औषध कोण देणार? आणि ‘नको’ म्हटलं तर इथले उपचार आत्तासारखेच चालू राहतील ना? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’च असायला हवं. डॉक्टर तिथे अडखळले तर दुसरीकडे दाखवा.

प्रश्न : मी २७ वर्षांची. मुलींना अशा स्टडीत घेतात का?

उत्तर : कमी. पुष्कळ स्टडी फक्त पुरुषांच्या असतात, कारण गर्भाला धोका नको. घेतलं तर प्रेग्नन्सी टेस्ट होते आणि ठरावीक काळ गर्भनिरोधन पाळावं लागतं. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर लपवू नका. राहण्याची सोय वेगळी आहे का आणि रात्री बाई नर्स असते का, हे फोनवरच विचारून घ्या.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आलाय : ‘घरबसल्या मेडिकल ट्रायल, आठवड्याला २५ हजार, नोंदणी फी फक्त ४९९ रुपये.’ मी आधारचा फोटो पाठवलाय, फी भरायची राहिलीय.

उत्तर : भरू नका. खरी स्टडी व्हॉलंटिअरकडून एक रुपयाही घेत नाही. तो नंबर ब्लॉक करण्याआधी मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. आधार ॲपमधून बायोमेट्रिक्स लॉक करा आणि बँकेला कळवा. खात्यातून काही गेलंच असेल तर लगेच १९३० वर फोन करा.