अरिना की स्विस?
पहिली ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धा निवडताना केवळ सुरू होण्याची वेळ पाहू नका, आधी तिची पद्धत पाहा: अरिना की स्विस. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरील अरिनात एक डाव संपला की लगेच दुसरा मिळतो, विजयाला 2 गुण असतात आणि सलग दोन विजयांनंतर पुढच्या विजयाचे 4 होतात. त्यामुळे तेथे वेगालाच अधिक भाव मिळतो. ‘बर्सर्क’चे बटण दाबल्यास जिंकल्यावर 1 जादा गुण मिळतो खरा, पण घड्याळातील निम्मा वेळ जातो, म्हणून सुरुवातीला ते दाबूच नये.

मी नवख्यांना स्विस पद्धतच सुचवतो. तिच्यात फेऱ्या ठरलेल्या असतात, साधारण आपल्याइतकेच गुण असलेला प्रतिस्पर्धी समोर येतो आणि पराभवानंतर पुढच्या फेरीपर्यंत हुकलेली चाल शांतपणे तपासता येते. त्यातही 10 मिनिटे आणि प्रत्येक चालीला 5 सेकंदांची भर अशी स्पर्धा शोधा. हत्तीच्या अंत्यडावात एका प्याद्याने पुढे असताना केवळ वेळ संपून हरण्याचे दुःख ही भर बऱ्याचदा टाळते. घरात सतत कोणी हाक मारत असेल, तर मात्र अरिना बरी, कारण तेथे एक डाव संपल्यावर मध्येच थांबता येते.