पाय कुठे फुटायचा, हे ठरतं कसं?

प्रश्न : हात आणि पायाची मांडणी सारखीच : वर एक हाड, मग दोन, टोकाला पाच बोटं. मग मागच्या अंकुराने पायच व्हायचं, हे कोण ठरवतं? (बारावीचा विद्यार्थी, सांगली)

यात दोन निर्णय आहेत. अंकुर (भ्रूणावर हात-पायाचा पहिला उंचवटा) कुठे फुटायचा आणि त्याचं काय व्हायचं. दुसरा आधी घेऊ. मागच्या अंकुरात पिट्एक्स-१ हे जनुक चालू असतं, पुढच्यात बंद. त्याच्या जोडीला टीबीएक्स-४ काम करतं. हाताकडे तेच काम टीबीएक्स-५ चं. १९९९ साली कोंबडीच्या पंखाच्या अंकुरात पिट्एक्स-१ मुद्दाम चालू केलं, तर पंखाला पायासारखी बोटं आली. माणसातही हे दिसतं. लिबेनबर्ग नावाच्या दुर्मीळ आजारात कोपराची घडण गुडघ्यासारखी होते. गंमत अशी, की त्या रुग्णांत पिट्एक्स-१ धडधाकट असतं. शेजारचा डीएनएचा तुकडा गळाल्यामुळे ते हातात चालू होतं, जिथे त्याने गप्प बसायला हवं.

आता जागा. भ्रूणाचं धड डोक्याकडून शेपटीकडे वाढतं. शेपटीच्या टोकाशी पेशींचा साठा असतो, त्यातून खंडांच्या जोड्या एकामागून एक सुटतात. उंदरात साधारण दर २ तासांनी एक, माणसात ४ ते ५ तासांनी. या खंडांतूनच पुढे मणके होतात. धड पुरे, आता कंबर, हा इशारा जीडीएफ-११ हे जनुक देतं. उंदरातून ते काढून टाकलं की इशारा उशिरा पोचतो. बरगड्यांचे मणके १३ ऐवजी १८ होतात आणि मागचे पायही खाली सरकतात. बहुतेक पिल्लांत मूत्रपिंडंही नसतात, ती जन्मल्यावर दिवसभरात मरतात. म्हणजे पायाची जागा मोजपट्टीने ठरत नाही, घड्याळाने ठरते.

प्रश्न : कंबरेच्या मणक्यांना बरगड्या का नसतात? (शिक्षिका, रत्नागिरी)

बरगडी ही मणक्याची मूळ सवय म्हणा. कंबरेत ती दाबली जाते. ते काम हॉक्स-१० या जनुकगटाचं. उंदराला आणि माणसाला एकूण ३९ हॉक्स जनुकं, चार गुणसूत्रांवर ओळीने बसलेली. ओळीतला क्रम आणि डोक्याकडून शेपटीकडे ती जिथे काम करतात तो क्रम एकच. हॉक्स-१० ची तीन भावंडं आहेत, प्रत्येकाच्या दोन प्रती. एकच भावंड काढलं तर फरक थोडा, कारण बाकीची सांभाळून घेतात. सहाच्या सहा प्रती काढल्या की कंबरेच्या मणक्यांवर आणि त्याखालीही बरगड्या उगवतात. हॉक्स-११ गटाचं असंच केलं तर त्रिकास्थीच (कंबरेखालचं, मणके जुळून झालेलं हाड) होत नाही, तिथे कंबरेसारखेच मणके येतात. विद्यार्थी ‘एक जनुक, एक अवयव’ असं पाठ करतात, त्यांना हे उदाहरण जरूर द्या.

प्रश्न : माझ्या जावेला आधीपासून मधुमेह आहे. सोनोग्राफीत बाळाच्या पाठीच्या कण्याचा खालचा भाग अपुरा दिसतोय, ‘कॉडल रिग्रेशन’ म्हणाले. घरचे ग्रहणाला दोष देतात. पुढच्या वेळी टाळता येईल? (एक वाचक, सोलापूर)

ग्रहणाचा संबंध नाही. मधुमेहाचा आहे. पहिल्या उत्तरातल्या शेपटीच्या टोकाच्या साठ्यातल्या पेशींना ‘अ’ जीवनसत्त्वापासून होणारं रेटिनॉइक आम्ल बाधतं. ते मोडून टाकणारं विकर (एन्झाइम) तिथे सीवायपी-२६ए-१ या जनुकातून बनतं. ते कमी पडलं की पेशींना टिकवणारा डब्ल्यूएनटी-३ए हा संकेत मंदावतो, साठा लवकर संपतो आणि खालचे मणके, मज्जारज्जू, पाय यांना माल पुरत नाही. मधुमेही उंदरिणींच्या भ्रूणांत हे विकर कमी आढळतं.

वेळ नीट समजून घ्या. कण्यातल्या नळीचं (जिचा पुढे मज्जारज्जू होतो) खालचं टोक गर्भधारणेपासून साधारण २८ व्या दिवशी मिटतं. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे रिपोर्टवर तेव्हा ६ आठवडे लिहिलेले असतात. पाळी चुकल्याचं लक्षात येऊन १५ दिवसच झालेले. म्हणून साखर गरोदर राहण्याआधीच आटोक्यात हवी : एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी) ६.५ टक्क्यांखाली, मात्र साखर धोकादायक पातळीपर्यंत न घसरता. फॉलिक ॲसिड किमान महिनाभर आधीपासून. मधुमेहात डॉक्टर बहुधा ५ मिलिग्रॅम देतात, नेहमीचे ४०० मायक्रोग्रॅम नव्हे. ते नळीच्या दोषांसाठी आहे, त्याने साखरेचं काम होणार नाही. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन याच आम्लाच्या कुळातलं. माणसात त्याचा फटका मुख्यतः कान, हृदय, मेंदूला बसतो, पण तेही किमान महिनाभर आधी बंद हवं.

आणखी एक. बाळाच्या त्रिकास्थीचा आकार कोयत्यासारखा वाकडा असेल आणि गुदद्वारातही दोष असेल, तर एमएनएक्स-१ जनुकाची तपासणी करून घ्या. तो कुरारिनो आजार असू शकतो आणि आई किंवा बाबांत काही त्रास नसतानाही दडलेला सापडतो. त्यांचा कंबरेखालचा एक्स-रे बरंच सांगून जातो. आई गरोदर असेपर्यंत मात्र तो फक्त बाबांचा काढायचा.

प्रश्न : बिनशेपटीची मांक्स मांजरं एकमेकांत लावली तर? (पुणे)

लावू नका. त्यांच्यात टीबीएक्सटी जनुकाची एक प्रत बिघडलेली असते. दोन्ही प्रती बिघडलेली पिल्लं पोटातच मरतात, म्हणजे सरासरी चारातलं एक. जगलेल्यांतही काहींना पाठीचा कणा उघडा राहणं, शी-शूवर ताबा नसणं असे त्रास होतात. शेपटीवाल्या मांजराशी लावा आणि पिल्लू घेताना ते मागच्या पायांवर नीट चालतं का, शेपटीखालचा भाग सतत ओला किंवा माखलेला तर नाही ना, ते बघा.