डोंगल, कोहा आणि वाचनालयाच्या नोंदी: खर्च नेमका कुठे होतो

आपला प्रश्न मी असा समजते. आपल्या तालुक्याच्या वाचनालयातील सुमारे २३,००० ग्रंथांच्या नोंदी विकत घेतलेल्या एका प्रणालीत (सॉफ्टवेअरमध्ये) आहेत आणि ती प्रणाली संगणकाला डोंगल, म्हणजे किल्लीसारखे चालणारे छोटे उपकरण, लावल्याशिवाय उघडत नाही. ते डोंगल मागच्या महिन्यात निकामी झाले आणि नव्यासाठी कंपनीने देखभाल कराराच्या थकबाकीसह रक्कम मागितली आहे. कार्यकारी मंडळातील काही जणांचे म्हणणे असे की कोहा ही मुक्त (मूळ संकेत सर्वांसाठी खुला असलेली) ग्रंथालय प्रणाली घेतली की खर्चच उरणार नाही. आणि या मंचावरील एका सदस्याने डोंगल चुकवणारी फाइल उतरवून घेण्याचा सल्ला आपल्याला दिला आहे. मी चौदा वर्षे एका वाचनालयाचे संगणकाचे काम पाहते. त्यातील पहिली पाच वर्षे लॉक (म्हणजे असेच डोंगल) असलेल्या प्रणालीवर गेली आणि नंतरची कोहावर. दोन्हींचा खर्च मी मंडळापुढे मांडला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी त्या फाइलविषयी, कारण ती चूक आजच घडू शकते. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५ए घालण्यात आले. हक्कभंगाच्या हेतूने संरक्षणाची तांत्रिक उपाययोजना मोडणाऱ्यास त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड आहे. संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरण्याविषयीचे कलम ६३बी त्याहून जुने आहे. हेही खरे की कलम ५२ प्रमाणे, प्रणालीची प्रत ज्याच्याकडे कायदेशीररीत्या आहे त्याला ती नष्ट किंवा खराब होण्याच्या भीतीपोटी राखीव प्रत करून ठेवता येते, आणि आपण पैसे मोजलेले आहेत. परंतु या सवलतीच्या आधारावर कोणा अनोळखी माणसाने बदललेली फाइल वाचनालयाच्या संगणकावर चालवणे मला मान्य नाही. त्या संगणकात सभासदांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक आहेत. डोंगल चुकवणारी फाइल त्याखेरीज आणखी काय करते, हे आपल्यापैकी कोणीही तपासू शकणार नाही.

आता प्रतिबंधाविषयी माझे मत. प्रत करण्याला घातलेला प्रतिबंध प्रामाणिक ग्राहकालाच सर्वांत जास्त जाचतो, असे मी अनुभवाने म्हणते. लोटस १-२-३ ही हिशेबाची प्रसिद्ध प्रणाली १९८० च्या दशकात हार्ड डिस्कवर बसवल्यानंतरही सुरू करताना मूळ फ्लॉपी मागत असे; ज्यांना नक्कल करायची होती त्यांच्यासाठी कुलूप तोडणाऱ्या प्रणाली बाजारात उघड विकल्या जात होत्या, आणि फ्लॉपी खराब झाली की अडत असे तो पैसे भरलेला कारकून. आमचे लॉक प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टवर बसत असे. नवे संगणक आले तेव्हा त्यांना ते पोर्टच नव्हते. त्याऐवजी यूएसबीचे लॉक घ्यावे लागले. पुढे ६४ बिटांचे विंडोज आले तेव्हा त्या लॉकचा ड्रायव्हर चालेना, आणि केवळ देवघेव चालू राहावी म्हणून एक जुना संगणक आम्ही तीन वर्षे जपून ठेवला. या काळात प्रणालीत एकही दोष नव्हता, हे मुद्दाम सांगते. बंद पडत होते ते फक्त कुलूप.

तरीही कंपनीची बाजू आपण समजून घ्यायला हवी. मराठीसाठी टंक (फॉन्ट) आणि प्रणाली बनवणाऱ्या संस्था लहान होत्या, त्यांचा ग्राहकवर्ग मर्यादित होता, आणि एका छापखान्याने विकत घेतलेली प्रत शेजारच्या चार छापखान्यांत पोचत असे. अक्षरांची वळणे काढण्यात वर्षे घालवलेल्या माणसाने लॉक लावले तर त्याला लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. माझी तक्रार लॉक लावण्याबद्दल नाही. विकणारा व्यवसायातून बाहेर पडला किंवा लॉक निकामी झाले तर ग्राहकाच्या नोंदींचे काय होणार, हे विक्रीच्या वेळी लेखी ठरवले जात नाही, ही माझी तक्रार आहे.

आपली खरी अडचणही तिथेच आहे असे मला वाटते. डोंगल आज ना उद्या मिळेल. पण २३,००० नोंदी कोणत्या रूपात साठवल्या आहेत, हे आपल्या प्रश्नात कुठेच आलेले नाही. आपली प्रणाली २००५ च्या आसपासची असेल तर मराठी मजकूर बहुधा युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांतील अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) नसून त्या काळच्या एखाद्या टंकाच्या सांकेतिक रचनेत असेल. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, त्याच वर्षी भारतीय लिप्यांसाठीचे तसेच भारतीय मानक इस्कीही प्रसिद्ध झाले, पण मराठी छपाईची आणि कार्यालयांची बरीच कामे त्यानंतरही दीर्घकाळ निरनिराळ्या कंपन्यांच्या खासगी टंकांवर चालली. त्या टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. टंक काढून टाकला की ग्रंथनामाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसते. डोंगलशिवाय प्रणाली उघडत नाही, आणि उघडली तरी त्या टंकाशिवाय मजकूर वाचता येत नाही. हे दुसरे कुलूप कोणी हेतुपुरस्सर लावले नव्हते, पण पहिल्यापेक्षा ते फार मजबूत निघाले.

नोंदी युनिकोडमध्ये आणण्याचे काम किती चिवट आहे, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार जुन्या रचनेत अक्षरानंतर असतो, युनिकोडमध्ये तो आधी येतो. रूपांतर करणारी साधने हे बहुतेक नीट करतात. पण ग्रंथनामात मध्येच इंग्रजी शब्द असेल तर साधन त्याचेही देवनागरीकरण करून टाकते, आणि एकाच टंकाच्या दोन आवृत्त्यांत काही जोडाक्षरांच्या जागा वेगळ्या असल्या तर अर्ध्या नोंदी बरोबर आणि अर्ध्या बिघडलेल्या निघतात. सर्वांत जास्त दमवले ते ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ या अक्षरांनी. हा आडवा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: एक ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त वापरून, दुसरा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. संगणक मात्र ते दोन वेगळे शब्द समजू शकतो. आमच्या पहिल्या रूपांतरानंतर ‘वऱ्हाड’ असा शोध घेतला तर कपाटातल्या पुस्तकांपैकी निम्मी सापडत नव्हती, आणि कऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे अशा आडनावांच्या लेखकांचीही तीच गत होती. आम्ही १८,००० नोंदी दाखल नोंदवहीशी (आलेला प्रत्येक ग्रंथ हाताने नोंदवतात त्या वहीशी) ताडून पाहिल्या. दोघी जणी रोज दुपारी बसत असू, तरी आठ महिने लागले. कोहा घेण्याचा आमचा सर्वांत मोठा खर्च हाच होता, आणि मंडळाला दिलेल्या पहिल्या अंदाजपत्रकात मी तो दाखवलाच नव्हता. दुसरी कोणतीही नवी प्रणाली घेतली असती तरी तो करावा लागला असता, म्हणून तो कोहाच्या नावावर टाकणे योग्य नाही. पण टळतही नाही.

कोहाचा जन्म न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालय न्यासात झाला, आणि त्याचे कारण आपल्या कारणाशी जुळते. त्यांची जुनी प्रणाली २००० साल ओलांडण्यास समर्थ नव्हती आणि नवी विकत घेणे त्यांच्या गरजांना आणि ऐपतीला जुळत नव्हते. त्यांनी कटिपो नावाच्या न्यूझीलंडमधल्याच कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली आणि जीपीएल या, वापरण्याची आणि बदलण्याची मुभा देणाऱ्या, परवान्याखाली सर्वांसाठी खुली करण्यात आली, म्हणजे पुढची देखभाल एकट्या न्यासावर पडू नये. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट, आणि त्या प्रथेत भेटीबरोबर परतफेडीची जबाबदारीही येते. आपल्याकडे आहेर घेणारे घर तो लक्षात ठेवते, त्याच्या जवळ जाणारा हा अर्थ आहे. २०११ मध्ये एका अमेरिकी कंपनीचा या नावाच्या ट्रेडमार्कसाठीचा अर्ज न्यूझीलंडमध्ये प्राथमिक पातळीवर स्वीकारला गेला, तेव्हा जगभरच्या ग्रंथालयांनी न्यासाच्या मदतीसाठी पैसे पाठवले आणि अखेर तो अर्ज नाकारला गेला. परवाना मोफत असला तरी नाव राखण्यासाठीही कोणाला तरी पैसे मोजावे लागले, हे मंडळाला अवश्य सांगावे.

आता कोहाचा चालू खर्च. परवान्याचे शुल्क शून्य आहे, यात शंका नाही. पण कोहा लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरल्या जाणाऱ्या मुक्त कार्यप्रणालीवर) चालते, तिला डेटाबेस, वेब सर्व्हर आणि शोधासाठी झेब्रा किंवा तत्सम अनुक्रमणिका बनवणारी प्रणाली लागते, आणि देवनागरीत शोध नीट व्हावा म्हणून झेब्राची आयसीयू (युनिकोडमधील मजकूर हाताळणाऱ्या) पद्धतीची मांडणी करावी लागते. ती न करता कोहा बसवणारे आणि ‘मराठी शोध चालत नाही’ असे सांगून निघून जाणारे तंत्रज्ञ मी पाहिले आहेत. दर वर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये नवी आवृत्ती येते. प्रत्येक वेळी अद्ययावत करण्याची गरज नसते, पण सूची इंटरनेटवर खुली असेल तर सुरक्षेच्या दुरुस्त्या टाळता येत नाहीत. राखीव प्रती रोज निघाल्या पाहिजेत आणि त्यांतून प्रणाली पुन्हा उभी राहते की नाही, हे वर्षातून एकदा तरी करून पाहिले पाहिजे. आमच्याकडे एका उत्साही तरुणाने पावतीचा नमुना बदलण्यासाठी कोहाच्या मूळ फाइलींतच फेरफार केले होते. पुढचे अद्ययावतीकरण झाले तेव्हा ते सर्व पुसले गेले, आणि तोपर्यंत तो तरुण नोकरीसाठी बंगळुरूला गेला होता. हे बदल मूळ फाइलींना हात न लावता कोहातील सूचना आणि पावत्यांच्या साधनातूनच करता येतात, हे आम्हाला नंतर कळले.

थोडक्यात, विकत घेतलेल्या प्रणालीत आपण कंपनीला वार्षिक देखभालीचे पैसे देतो. मुक्त प्रणालीत तेच पैसे एखाद्या जाणत्या माणसाला द्यावे लागतात. फरक असा की तो माणूस बदलता येतो. एकाचे काम पटले नाही तर त्याच नोंदी, त्याच प्रणालीसह दुसऱ्याकडे देता येतात, आणि लॉकच्या प्रणालीत नेमके हेच शक्य नव्हते. मात्र पैसे न देता, कोणाच्या तरी सवडीवर आणि चांगुलपणावर प्रणाली चालवणार असाल, तर मी कोहाची शिफारस करणार नाही.

चांगुलपणावर चालणाऱ्या कामाचे काय होते, ते मार्च २०२४ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. लिनक्समधील एक्सझेड हे फाइल लहान करणारे साधन लासे कॉलिन अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने, विनामोबदला सांभाळत होते. २०२२ मध्ये त्यांनी आपल्या थकव्याविषयी आणि हे विनामोबदला छंदाचे काम असल्याविषयी उघडपणे लिहिले होते. जिया तान या नावाने मदतीला आलेल्या व्यक्तीने हळूहळू त्यांचा विश्वास मिळवला आणि त्या साधनात चोरदरवाजा दडवला. तो उघड झाला, कारण अंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे खटकले. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराच्या ज्या स्थिर आवृत्तीवर आमची कोहा चालते तिच्यापर्यंत तो चोरदरवाजा पोचला नव्हता, पण त्या आठवड्यात मला झोप लागली नाही. आपल्या वाचनालयाची प्रणाली ज्यांच्या श्रमांवर उभी आहे त्यांना आपण काहीच देत नाही, याची मला खरोखर लाज वाटली, आणि तेव्हापासून आम्ही कोहाच्या मराठी भाषांतरात दर महिन्याला काही तास काम करतो. पैसे देणे आम्हाला शक्य नाही. हे शक्य आहे.

मंडळापुढे तिसरा पर्याय म्हणून राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-ग्रंथालय प्रणालीचे नावही येईल. ती सरकारी ग्रंथालयांना विनामूल्य मिळते (आपल्याला मिळेल का ते विचारून घ्यावे), पण तिचा मूळ संकेत खुला नाही. म्हणून तिला मुक्त प्रणाली समजू नये. तंत्रज्ञ परवडतच नसेल तर मी तिचा विचार करीन, मात्र एका अटीवर: नोंदी मार्क २१ या ग्रंथालयीन नमुन्यात, युनिकोडमध्ये, आपल्याला हव्या तेव्हा बाहेर काढता आल्या पाहिजेत. हीच अट जुन्या कंपनीला, कोहाच्या तंत्रज्ञाला आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला घालावी.

आपल्यासाठी माझा सल्ला असा की या वेळी डोंगलचे पैसे भरावेत. ते मनाविरुद्ध आहे हे मला ठाऊक आहे, पण नोंदी बाहेर काढण्याचा तोच कायदेशीर आणि सुरक्षित मार्ग आहे. पैसे देण्यापूर्वी कंपनीकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: सर्व नोंदींची निर्यात करून मिळेल, आणि मजकूर कोणत्या टंकाच्या कोणत्या आवृत्तीत आहे ते सांगितले जाईल. मग पूर्ण निर्यातीआधी फक्त १०० नोंदी मागवाव्यात. त्या निवडताना ‘ऱ्ह’ किंवा ‘ऱ्य’ असलेली २० ग्रंथनामे, इंग्रजी शब्द मिसळलेली २०, आणि बाकीची दाखल नोंदवहीच्या सर्वांत जुन्या पानांवरची घ्यावीत. त्या १०० नोंदी युनिकोडमध्ये आणून हाताने दुरुस्त करायला किती तास लागतात ते घड्याळ लावून मोजावे, २३० ने गुणावे, आणि तो आकडा घेऊनच मंडळाच्या बैठकीला जावे.