चाईव्हजची पात पिवळी पडतेय? दुकानात जाण्याआधी कोणती पात पिवळी ते बघा

प्रश्न : शेडनेटमध्ये हॉटेलसाठी चाईव्हज (कांद्याच्या कुळातली, पातीसाठी लावायची भाजी) लावली आहे. दोन कापण्या चांगल्या निघाल्या. आता पात पिवळी पडते, टोकं करपतात. कृषी सेवा केंद्रातून १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाशाचं विद्राव्य खत), ह्युमिक ॲसिड, एक टॉनिक आणि कांद्यावरचं कीटकनाशक फिप्रोनिल दिलंय. एकत्र फवारू का?

उत्तर : फवारू नका. दुकानदाराने पात बघितलेलीच नाही, त्याने बिल बघितलंय.

पिवळेपणाची कारणं वेगवेगळी असतात. बाहेरची जुनी पात आधी पिवळी पडली तर नत्र कमी. मधली कोवळी पातच फिकट, पांढरट निघत असेल तर लोह मिळत नाही. नुसती टोकं करपली तर बोअरच्या पाण्यातले क्षार किंवा तुम्हीच दिलेलं जास्तीचं खत. पातीवर चंदेरी ओरखडे दिसले तर फुलकिडे (थ्रिप्स, पातीचा रस शोषणारे बारीक किडे). पात बुडाशी फाकवून बघा, पिवळसर बारीक पिल्लं तिथंच बसलेली असतात.

आपल्याकडे चुनखडीच्या काळ्या जमिनीत बहुतेक वेळा लोहाचीच तक्रार निघते. जमिनीचा सामू (पीएच) ८ च्या पुढे असेल तर ईडीटीए स्वरूपातलं चिलेटेड लोह ड्रिपमधून सोडू नका. ते जमिनीत टिकत नाही, पैसे वाया जातात. दुकानातल्या ‘मायक्रोन्यूट्रिएंट मिक्स’च्या पुड्यात बहुधा हेच असतं, पुडा उलटा करून वाचा. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए हे दुसरं चिलेटेड लोह घ्या. स्वस्तात भागवायचं तर १ लिटर पाण्यात फेरस सल्फेट ५ ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड १ ग्रॅम. सोबत स्टिकर हवाच, पातीवर मेणाचा थर असल्याने नुसतं पाणी घरंगळून जातं. कापणीनंतर नवी पात दोन बोटं वर आली की संध्याकाळी फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. ५ चे १० ग्रॅम केले तर पात जळते.

नत्रासाठी युरियापेक्षा अमोनियम सल्फेट घ्या. गंधकही मिळतं, आणि कांदावर्गीय पिकाचा वास गंधकावरच असतो. वर्षभराचं नत्र गुंठ्याला साधारण १ किलो धरा. अमोनियम सल्फेटमध्ये नत्र साधारण २१ टक्केच असतं, म्हणून वर्षाला खत पावणेपाच किलोच्या आसपास लागतं. ते कापणीगणिक वाटून द्यायचं, म्हणजे वर्षाला पाच-सहा कापण्या धरल्या तर दर कापणीनंतर ८०० ते ९०० ग्रॅम. एकदम टाकलं तर पात लुसलुशीत होऊन लोळते, वास जातो आणि फुलकिड्यांना मेजवानी मिळते. टोकं करपलेली असतील तर खत पूर्ण थांबवा. आधी पाण्याचा ईसी (क्षारांचं प्रमाण दाखवणारा आकडा) तपासून घ्या.

आता फिप्रोनिल. ‘कांद्यावर चालतं, मग इथंही चालेल’ हा हिशेब चुकीचा आहे. कांद्यात खातो तो गड्डा. पात सुकते, वरची सालं निघून जातात. इथं ज्या पातीवर फवारलं तीच कापून, बारीक चिरून, कच्ची ताटात जाते. चाईव्हजसाठी शिफारस केलेलं कीटकनाशक आपल्याकडे नाही, त्यामुळे किती दिवसांनी कापायचं हे कुठल्याच लेबलवर सापडणार नाही. दुकानदार ‘चार दिवसांनी कापा’ म्हणतो ते अंदाजाने. ऐकू नका.

फुलकिड्यांवर खरा उपाय विळा आहे. जमिनीपासून दीड-दोन इंच ठेवून सगळा वाफा एकाच वेळी कापा आणि कापलेला कचरा नेटच्या बाहेर न्या. लगेच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. फवारणी कापणीनंतर, कापणीआधी नाही. उलट केलं तर पातीला कडू वास येतो आणि माल परत येतो. निळे चिकट सापळे पातीच्या उंचीवरच लावा. डोक्यावर टांगलेले सापळे फोटोपुरते. वरवरचे शेंडे खुडत राहिलात तर चिरलेली टोकं तपकिरी होतात, तो रोग समजून पुन्हा औषध आणायला पळू नका.

प्रश्न : झाडं मेलेल्या जागी आता मार्चमध्ये बी टाकलं तर चालेल का?

उत्तर : नाही. चाईव्हज थंडीचं पीक. तापमान ३० अंशांच्या पुढे गेलं की उगवण कोसळते. बियाणं आणायचंच असेल तर ऑक्टोबरमध्ये, पॅकिंगची तारीख बघून. कांदावर्गीय बी वर्षभरात दम सोडतं, आणि जुनी पाकिटं खपवायला दुकानदार टपलेला असतो. १०० दाणे ओल्या फडक्यात ठेवून उगवण मोजा, मगच वाफा भरा.

खरं तर बियाण्याच्या नादी लागूच नका. फुटवे वाटून लावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन वर्षांचा जोमदार झुबका खणून काढा, हाताने फोडा. एका ठिकाणी ८-१० फुटवे, पात दोन-तीन इंचांवर छाटलेली, मुळं थोडी कापलेली, दोन झुबक्यांत वीतभर अंतर. गादीवाफा पाऊण ते एक वीत उंच हवा आणि गुंठ्याला २०० किलो चांगलं कुजलेलं शेणखत. सपाट काळ्या रानात पावसाळ्यात मुळं कुजतात, बुरशीनाशक मुळाशी ओतून (ड्रेंचिंग) तिथं काही होत नाही.

एप्रिल-मेमध्ये वाढ थांबली तर थांबू द्या. ५० टक्के शेडनेट, सकाळी थोडं पाणी, खत शून्य. या दिवसांत टॉनिक विकत घेणारा शेतकरी दुकानदाराचा उन्हाळा भागवतो, स्वतःचा नाही. उन्हाळ्यातही माल द्यायचाच असेल तर चपट्या पातीची लसणी चाईव्हज लावा. ती उष्णता जास्त सोसते, पण वास लसणाचा, म्हणून हॉटेलला आधी विचारा. गोल पोकळ पातीच्या भावात ती खपवू नका.

अनुदान : ठिबकला सर्वसाधारणपणे अल्प-अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के, त्यावर राज्याचा पूरक हिस्सा. शेडनेटसाठीही अर्ज महाडीबीटी या राज्याच्या योजनांच्या पोर्टलवरच. पूर्वसंमती हातात येण्याआधी सांगाडा उभा करू नका. ‘बिल नंतर जोडू’ म्हणणारा ठेकेदार दिसला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.