टेप निघाली, गम राहिला

प्रश्न : भाऊ, आमची फायबरची पांढरी होडी आहे, सारंगखेडा बॅरेजच्या पाण्यात मासे धरायला वापरतो. आखाजीच्या आधी तिला निळा पट्टा मारला. कडा सरळ यावी म्हणून मास्किंग टेप लावली. मग घरात लग्न निघालं आणि टेप तशीच राहिली. आता ओढली की कागदाच्या चिंध्या हातात येतात, गम खालीच. थिनरने पुसलं तर निळा रंग पांढऱ्यावर पसरला. ब्लेडने खरवडलं तर चरे पडले. आते काय करानं?
– एक वाचक, ता. शहादा

उत्तर : दादा, आधी थिनरच्या डब्याला झाकण लावा आणि ब्लेड दाढीपुरतं ठेवा. रंगाच्या दुकानात काउंटरमागे माझी हयात गेली. गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, टेपचा डाग काढायला काय देता? मी उलट विचारतो, टेप चिकटली होती कशावर? गम कसलाही असो, तो सोडवणारं काहीतरी मिळतंच. त्यात खालची वस्तू वाचली पाहिजे.

तुमच्या होडीवरचा पांढरा चकचकीत थर म्हणजे जेलकोट. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. खाली काचतंतू आणि रेझिन. ब्लेड, लोखंडी पत्री, जाड पॉलिश पेपर हे सगळं त्या अर्ध्या मिलिमीटरवर चालतं, म्हणून नको. पट्टा बहुतेक ऑइल पेंटचा असणार. त्याला एन.सी. थिनर, म्हणजे लॅकरचा जहाल थिनर, लागला की तो सुटतोच, त्यात रंगाऱ्याचा दोष नाही.

मास्किंग टेप मुळात निघण्यासाठीच बनलेली. 1925 साली अमेरिकेत थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी ती दोन रंगांत मोटारी रंगवणाऱ्यांसाठी काढली. पण ती रंग सुकेपर्यंतची सोबत. साध्या पिवळट टेपचा गम रबराचा असतो. उन्हाने तो आधी पातळ होतो आणि बारीक खळग्यांत उतरतो. मग ऊन आणि हवा लागून कडक, तपकिरी होतो, आणि कागद तर केव्हाच कुजलेला असतो. आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे ही टेप भट्टीतच ठेवल्यासारखी.

आता करायचं असं. होडी पाण्याबाहेर काढा, काठापासून वर, झाडाखाली. तेलाचा थेंबही नदीत जायला नको. सकाळचं काम आहे हे. आधी कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून फडकं भिजवा आणि कागदाच्या चिंध्यांवर पसरून ठेवा. कागद भिजला की बोटाने लोळतो. त्याच्या खालचा गम कोरडा करून मग तेल. शेंगदाण्याचं चालेल, खोबरेलही चालेल. तेलात भिजवलेली चिंधी गमाच्या रेघेवर दाबून बसवा, वरून प्लॅस्टिकचा कागद चिकटवा आणि दुपारपर्यंत विसरून जा. लोक इथेच घाई करतात. तेल लावून लगेच घासलं तर चिकट लगदा इकडून तिकडे फिरतो आणि दोन बोटांचा डाग वीतभर होतो. तेल रबरात मुरलं की गम फुगतो, त्याची पकड जाते. मग जुनं एटीएम कार्ड किंवा बांबूची कामटी आडवी धरून ढकला, गमाच्या वळ्या होऊन निघतात. (एवढ्या तेलात एका माणसाचं भरीत झालं असतं, हे मान्य.)

तरीही काही ठिपके राहतील. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी टर्पेंटाइन, फडक्याच्या टोकावर घेऊन. निळ्या पट्ट्याच्या कडेला आधी आडोशाच्या जागी लावून बघा. फडक्यावर निळं उतरलं तर तिथे टर्पेंटाइन बंद, तेल परत लावा. पुसताना पट्ट्याकडून पांढऱ्याकडे नाही, पांढऱ्यावरच पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर, म्हणजे बहुतेक वेळा ॲसिटोन, नीट पक्क्या झालेल्या जेलकोटवर क्षणभर चालतं, पण पट्ट्याला लागलं की थिनरचीच गत. तुम्ही वापरू नका.

रॉकेलचं विचाराल. काम तेही करतं. पण त्याची वाफ 35 अंशांच्या आसपास पेट घेण्याजोगी होते, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा 42-43 वर असतो. टर्पेंटाइनचंही फार वेगळं नाही. म्हणून सकाळ म्हटलं, आणि बिडी लांब. पेट्रोलचं तर नावच काढू नका, त्याला हिवाळाही पुरतो.

शेवटी साबणाने दोनदा धुवा. तेलाचा हात राहिला तर पुढे तिथे ना रंग धरेल ना टेप. वाळल्यावर एक गंमत दिसेल. टेप होती तिथे पांढऱ्याहून पांढरी रेघ उरलेली असेल. लोकांना वाटतं गम राहिला आणि पुन्हा घासत बसतात. तो गम नाही. टेपखालचा जेलकोट उन्हापासून वाचला आणि आजूबाजूचा खडूसारखा फिका पडला. बोट फिरवा, चिकटलं नाही तर गम गेला. त्यावर इलाज रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून चमकवायची पेस्ट, आणि तो रेघेवर नाही, आजूबाजूला. मग मेणाचं पॉलिश. ब्लेडचे उथळ चरेही कंपाउंडने बुजल्यासारखे होतील. नख अडकतं असा चरा असेल तर तिथे जेलकोट भरून घ्यावा लागेल.

पुढच्या वेळी रंग थोडा ओला असतानाच टेप ओढायची, मागे दुमडून, हळू. दिवस जाणार असतील तर निळी मास्किंग टेप घ्या. महाग पडते, पण साधारण 14 दिवस दम धरते.

प्रश्न : अमळनेरहून धुळ्याला घर हलवलं. सामान बांधणाऱ्यांनी फ्रिजचं दार आणि सासूबाईंच्या सागवानी कपाटाची दारं खाकी टेपने गच्च बांधली. फ्रिजवर तेल लावून पाहिलं, काही फरक नाही. कपाटाला हात लावायची भीती वाटते.
– एक वाचक, धुळे

उत्तर : ताई, भीती बरोबर जागी वाटली. खाकी टेपचा गम बहुधा ॲक्रिलिकचा असतो, तेल त्याला फारसं मानवत नाही. फ्रिजच्या पत्र्याला हाताचं स्पिरिटवालं सॅनिटायझर लावा, जेल असेल तर उत्तम, ओघळत नाही. पाच मिनिटं ठेवा, अंगठ्याने लोळवा, ओल्या फडक्याने पुसा. हँडल किंवा पारदर्शक प्लॅस्टिक असेल तिथे लांबच राहा, काही प्लॅस्टिक स्पिरिटने तडकतं.

हेच सॅनिटायझर कपाटाला लावलंत तर घात होईल. जुन्या सागवानी कपाटाला बहुधा चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश असतं, आणि चपडा स्पिरिटमध्येच विरघळवून लावतात. म्हणजे गमाबरोबर पॉलिशही फडक्यावर येणार. तिथे हेअर ड्रायर मंद ठेवून गम मऊ करा, पण फार जवळ नको, चपडा उष्णतेनेही मऊ पडतो. मग खाकी टेपचाच ताजा तुकडा बोटाला उलटा गुंडाळून टपटप मारा. जुना गम नव्या टेपला चिकटून येतो. वेळखाऊ आहे, दार पुसता पुसता एखादी मालिका बघून होईल. शेवटी किंचित खोबरेल, लगेच पुसून.

प्रश्न : आरसा भिंतीवरून काढला, मागची फोमची दुहेरी टेप टाइल्सवर राहिली.
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : मासे धरायची तंगूस घ्या, दोन्ही टोकं काड्यांना बांधा आणि टाइलला लगटून करवतीसारखी ओढा. फोम कापला जातो. उरलेल्या पापुद्र्याला टर्पेंटाइन, खिडकी उघडी ठेवून. टाइल चकचकीत असेल तर ब्लेडही चालेल, आडवं धरून. वरच्या शहाद्याच्या दादांनी हे वाक्य वाचू नये.