पायथनच्या जुन्या कोडला टाइप लावताना

प्रश्न : एका ओपन सोर्स पायथन लायब्ररीच्या सगळ्या फाइलींना टाइप लावून (कुठलं मूल्य कोणत्या प्रकारचं ते लिहून) मी पुल रिक्वेस्ट (बदल सामील करून घेण्याची विनंती) पाठवली. मेंटेनर, म्हणजे लायब्ररी सांभाळणारे, उत्तरच देत नाहीत. (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

मेंटेनरपैकी बरेच जण हे काम नोकरी सांभाळून करतात. एवढा मोठा डिफ (बदललेल्या ओळींची यादी) वाचायला त्यांनी वेळ कुठून काढायचा? ती रिक्वेस्ट मागे घ्या आणि टाइप हवेत का, हे आधी इश्यू (प्रकल्पाच्या पानावरची चर्चेची नोंद) उघडून विचारा. होकार आला की एकच मॉड्यूल घ्या : जे स्वतः प्रकल्पातलं दुसरं काही इम्पोर्ट करत नाही, पण बाकीचे त्याला करतात. तिथे टाइप लागले की वरच्या फाइलींचं काम हलकं होतं. लॉजिक सुधारायचा मोह मात्र आवरा. त्याची रिक्वेस्ट वेगळी.

प्रश्न : मायपाय (टाइप तपासणारं साधन) चालवलं, एकही चूक नाही! कोड स्वच्छ समजू का?

नका समजू. ज्या फंक्शनच्या सहीत, म्हणजे 'डेफ'च्या ओळीत, एकही टाइप नाही, त्याच्या आत मायपाय एरवी बघतच नाही. 'चेक अनटाइप्ड डेफ्स' हा पर्याय चालू करा.

प्रश्न : 'री.मॅच' (स्ट्रिंग नमुन्याशी जुळवून बघणारं फंक्शन) नंतर जुळलेला भाग काढायला 'ग्रुप' लिहिलं की मायपायची जागोजागी तक्रार : 'नन'ला (म्हणजे 'काहीच नाही' या मूल्याला) ग्रुप नाही. कोड वर्षानुवर्षं चालतोय. 'टाइप: इग्नोर' (त्या ओळीची तक्रार दाबणारी टिप्पणी) लावून मोकळा होऊ का? (डेव्हलपर, पुणे)

कृपा करून नको. या तक्रारीसाठीच तर टाइप लावायचे! नमुना जुळला नाही की 'री.मॅच' खरंच 'नन' परत देतं. समजा, तुमचं फंक्शन '3.11.4' अशा आवृत्तीतला पहिला आकडा काढतं. कुणी त्याला रिकामी स्ट्रिंग दिली, तर 'ननटाइप'वरून ॲट्रिब्यूट एरर येईल. आपण दिलेली आवृत्ती चुकली, हे त्या माणसाला कळणारच नाही. 'नन' आहे का ते तपासा, असेल तर व्हॅल्यू एरर फेका आणि संदेशात ती स्ट्रिंग छापा. दोन ओळींचं काम आहे, आणि त्यापुढे 'नन' येणार नाही, हे मायपायलाही आपोआप समजतं. वागणूक बदलते, म्हणून हीही रिक्वेस्ट वेगळी, टेस्टसकट. ती मर्ज होईपर्यंत इग्नोर ठेवायचंच असेल, तर कंसात एररचा कोड लिहा आणि 'वॉर्न अनयूज्ड इग्नोर्स' चालू ठेवा, म्हणजे गरज संपली की मायपायच आठवण करेल. 'एनी' (कुठलाही टाइप चालेल) लिहून तोंड बंद करणं त्याहून वाईट, कारण ते मूल्य जिथे जिथे जातं, तिथली तपासणी गळते.

प्रश्न : आम्ही पायथन 3.9 सांभाळतो. 'इंट | नन' (पूर्णांक किंवा नन) लिहिता येईल?

ती लिहिण्याची पद्धत 3.10 पासूनची. फाइलीच्या सुरुवातीला 'फ्यूचर'मधून 'ॲनोटेशन्स' इम्पोर्ट केलंत तर सहीत चालेल. पण डेटा तपासणारी पायडँटिकसारखी लायब्ररी प्रोग्राम चालताना टाइप वाचते, तिथे त्याच अर्थाचं जुनं 'ऑप्शनल'च लिहा.

प्रश्न : सगळे टाइप लावले, तरी वापरणाऱ्यांच्या मायपायला ते दिसत नाहीत.

पॅकेजच्या फोल्डरमध्ये 'पाय.टाइप्ड' नावाची रिकामी फाइल हवी. पेप 561 (पायथनच्या अधिकृत प्रस्तावांपैकी एक) चा तो नियम आहे. ती गिटमध्ये असूनही व्हीलमध्ये (लोक इन्स्टॉल करतात त्या पॅकेज फाइलीत) न जाणं, हा घोळ फार ठिकाणी होतो. व्हील म्हणजे झिपच, रिलीजआधी उघडून बघा.